तुम्ही विचारलंत म्हणून: भिंतीत प्लग असताना सेल कशाला?

प्लग भिंतीत आहे हे मला दिसतं. रेडिओच्या कडेला अडॅप्टरची पिन घालायची जागा आहे, तीही दिसते. तरी शॉर्टवेव्हच्या, म्हणजे लांबच्या देशांची स्टेशनं पकडणाऱ्या, संचात चार्जिंगचे पेन्सिल सेल घालायचे, ते काढून चार्जरला लावायचे, पुन्हा घालायचे, हा उद्योग कशासाठी, असं विचारणारे बहुतेक जण उत्तराची वाट न बघता पुढचा प्रश्न टाकतात: "पण ते १.२ व्होल्टचे ना? रेडिओला दीडचे लागतात." आणि मग तिसरा, जरा खालच्या आवाजात: "शॉर्टवेव्हवर आता असतं तरी काय?"

तिसऱ्याचं आधी आटपतो. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह जानेवारी २०२० मध्ये बंद झालं, ते मलाही तुमच्याइतकंच लागलं. पण बीबीसीची इंग्रजी सेवा येते, चीनची स्टेशनं येतात, आखातातली येतात, १० मेगाहर्ट्झवर चीनच्या वेळेची टिकटिक येते. गोव्याच्या मुक्तीसाठी १९५५ ते १९६१ वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या आणि कॅसलरॉकच्या रानातून चालवलेलं केंद्र शॉर्टवेव्हवरच होतं. तिथे भिंतच नव्हती, प्लग कुठला असणार? गोव्यातल्या माणसाने निदान हा प्रश्न विचारू नये असं वाटतं, पण असो.

आता पहिला. रात्री नऊला ९.४ ते ९.९ मेगाहर्ट्झमध्ये, म्हणजे ३१ मीटरच्या पट्ट्यात, एखादं बारीक स्टेशन लावा. रेडिओ सेलवर असू द्या. मग शेजारच्या प्लगमध्ये मोबाईलचा चार्जर घाला. नुसता घाला, रेडिओला जोडू नका. बहुतेक घरांत तेवढ्यानेच घरघर वाढते. तो चार्जर वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून जोडतो आणि त्या तोडजोडीचा गोंगाट पार शॉर्टवेव्हपर्यंत पसरतो. तोच अडॅप्टर रेडिओला जोडला की गोंगाट वायरीवरून थेट आत शिरतो. जुना, वजनदार, ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर बरा, पण त्याचंही एक दुखणं आहे: मोठ्या स्टेशनवर हूं हूं असा आवाज, आणि स्टेशन सोडलं की गायब. आतल्या चार डायोडांवर (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) प्रत्येकी ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर आडवा टाकला की तो बहुधा जातो. कपॅसिटर निदान १०० व्होल्टचा घ्या आणि अडॅप्टर प्लगमधून काढल्याशिवाय उघडू नका.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाईट जाते म्हणून सगळे वैतागतात. शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्याला तीच वेळ सोन्याची. वाड्यावरचे एलईडी, वायफाय, पंख्याचे रेग्युलेटर एकदम बंद होतात आणि पट्टा धुऊन काढल्यासारखा स्वच्छ होतो. फक्त इन्व्हर्टरही बंद करा. स्वस्तातले इन्व्हर्टर मोबाईल चार्जरपेक्षा वाईट बोंबलतात. आणि गडगडायला लागलं की बाहेरची वायर आधी काढा, बातम्या राहू द्यात.

म्हणजे सेल हा शांततेचा खर्च आहे. पैसे वाचवायला म्हणून कुणी विचारलं तर मी हो म्हणत नाही. चांगला चार्जर आणि आठ चांगले सेल यांचे पैसे भरून निघायला रोज दोन तास ऐकणाऱ्यालाही बराच काळ लागतो.

आता १.२. अल्कलाइन सेल नवा असताना १.५-१.६ दाखवतो, पण काम करता करता उतरत जातो आणि आयुष्याचा मोठा भाग १.३ ते १.१ मध्ये काढतो. रेडिओ बनवणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून चार सेलचा संच साधारण ३.६ ते ४ व्होल्टपर्यंत चालावा असा बांधलेला असतो. चार्जिंगचा, म्हणजे निकेल मेटल हायड्राइड सेल चार्जरवरून उतरवला की १.४, थोड्या वेळात १.२५ वर येतो आणि जवळजवळ संपेपर्यंत तिथेच बसून राहतो. चार सेलचे ४.८ होतात. त्यात गमावतो काय, तर आवाजाची कमाल. सहाऐवजी ४.८ म्हणजे स्पीकरची कमाल ताकद ६४ टक्के, कानाला दोन डेसिबल. कुणाला कळतसुद्धा नाही. पडद्यावरचं बॅटरीचं चिन्ह मात्र अर्ध्यावर दिसतं, कारण ते दीडच्या हिशेबाने आखलेलं आहे. त्या चिन्हाला घाबरून लोक भरलेले सेल पुन्हा चार्जरला लावतात, आणि सेल तापून मरतात.

इथपर्यंत मी ठाम आहे. इथून पुढे नाही. कारण मीच पूर्वी सांगत असे, "कुठलेही चार घाला, चार्ज केलेले असले म्हणजे झालं." हे वाक्य मी किती जणांना सांगितलं याची मोजदाद नाही. त्यातलं एक माझ्याकडे परत आलं, डिचोलीच्या एका काकांच्या संचाच्या रूपाने. सहा व्होल्टचा, पडद्यावर आकडे दिसणारा, चार पेन्सिल सेलचा संच. तीन सेल एकाच पाकिटातले, २००० एमएएचचे (मिलिअँपिअर-तास, सेलात किती साठतं त्याचं माप). चौथा टॉर्चमधून काढलेला, दिसायला तसाच, आत उरलेला सातशे. चौघे चार्जरवरून एकत्र उतरलेले, चौघे १.४ दाखवणारे. मीटरने बघून कुणालाही फरक कळला नसता.

संच मध्यम आवाजात ८० मिलिअँपिअर खातो. पहिले आठ तास सगळं बरोबर. सातशेला ऐंशीने भागा: पावणेनऊ तासांनी चौथा संपला. निकेलचा सेल संपताना हळू उतरत नाही, कड्यावरून पडतो. काही मिनिटांत १.१ वरून शून्यावर. आता तिघांचे मिळून ३.७५ व्होल्ट, आणि नेमका घोळ इथे आहे: संच ३.६ वरही चालणारा आहे. म्हणून तो वाजतच राहिला. जरा बारीक, मोठ्या आवाजाला फाटका. ऐकणाऱ्याला वाटलं स्टेशन ढळलंय, म्हणून आवाज वाढवला, म्हणजे करंट वाढवला. भरलेले तिघे त्या रिकाम्या चौथ्यातून करंट ढकलत राहिले आणि तो उलटा भरायला लागला. प्लसच्या जागी मायनस. उलट्या सेलमध्ये हायड्रोजन तयार होतो, दाब वाढतो, टोपीखालची झडप उघडते, आणि आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. संच बंद केल्यावर उलटलेला सेल थोडा सावरतो, म्हणून सकाळी रेडिओ पुन्हा दहा मिनिटं वाजतो. माणसाला वाटतं ठीक आहे. मग संच कपाटात गेला, कारण चतुर्थी आली होती आणि घरात पाहुणे. घड्याळ मात्र आत चालूच. घड्याळ समजा ०.१ मिलिअँपिअरच खातं, तरी दोन महिन्यांत ते १४५ एमएएचच्या आसपास होतं, आणि रिकाम्या सेलमधून ते गेलं की पुन्हा उलटणं. बाहेर दमट हवा. दिवाळीच्या सुमाराला झाकण उघडलं तेव्हा चौथ्याची स्प्रिंग हिरवी-पांढरी होऊन सेलला चिकटलेली. पक्कडीने ओढली तर वेटोळं हातात आलं, बुड आत राहिलं. द्रव खाली झिरपून बोर्डाच्या कडेचा एक तांब्याचा पट्टा खाऊन गेला होता. बाकीचे तीन सेल काढून मोजले: १.२६, १.२५, १.२६. ठणठणीत. काकांनी विचारलं, "तू सांगितलंस तसंच केलं ना मी?" केलं होतं.

साफसफाईचं सांगतो, कारण तिथेही चूक झाली. गळलेलं द्रव अल्कली, हवेत राहून त्याची पांढरी भुकटी होते, तिला आंबट काहीतरी लागतं. हाताशी होतं माडाचं विनागर. फेस आला, भुकटी गेली. पण माडाच्या विनागरात पाण्याखेरीज बरंच काही असतं, ते सुकून चिकट थर बसला आणि पावसात त्यावर ओल धरली. बाजारातलं पांढरं, रंगहीन विनागर वापरा, कापसाच्या काडीने, थेंबभर. मग डिस्टिल्ड पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पंख्याखाली एक रात्र. जुन्या साध्या सेलची, म्हणजे झिंक-कार्बनची गळती आंबट असते, तिला विनागर लावू नका, खायच्या सोड्याचं पाणी लावा. स्प्रिंग मोडक्या टॉर्चची बसवली, पट्ट्याच्या जागी बारीक वायरचा डाग दिला. संच वाजतो. पडद्याचा दिवा लागत नाही.

तेव्हापासून माझं म्हणणं बदललं, आणि ते असं. चार सेल एकदमच घ्यायचे, एकाच पाकिटातले. प्रत्येकाला कागदी टेप लावून संचाचं अक्षर आणि महिना लिहायचा: क, जून. क चे चार टॉर्चमध्ये जाणार नाहीत आणि टॉर्चचा एक क मध्ये येणार नाही, मुलांनी कितीही मागितला तरी. वर्षातून एकदा, मे महिन्यात, क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर चौघांना रिकामे करून भरायचं. एकाचा आकडा बाकीच्यांपेक्षा वीस टक्क्यांनी खाली आला की चौघेही बढती घेऊन भिंतीवरच्या घड्याळात आणि रिमोटात. रेडिओ वाजत असताना चौघांचे मिळून ४.२ झाले की बंद. मीटर नसेल तर आवाज फाटला की बंद, "स्टेशन ढळलंय" म्हणायचं नाही.

सेल कमी गळतीचे घ्या, म्हणजे ठेवल्या ठेवल्या कमी उतरणारे. २००५ मध्ये सान्योने एनेलूप आणले तेव्हापासून हा प्रकार रुळला. त्याआधीचे साधे सेल महिन्यात पाचवा हिस्सा तरी गमावत, आपल्या उकाड्यात जास्तच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पेन्सिल सेलवर ४००० एमएएच छापलेलं दिसेल. त्या आकारात निकेलचे २७०० च्या वर खरं म्हणजे कुणी जात नाही, आणि २००० चा प्रामाणिक सेल २५०० वाल्यापेक्षा जास्त वर्षं टिकतो. मोठ्या, म्हणजे डी मापाच्या, सेलचं तर वजनच बघा. चार्जिंगचा खरा मोठा सेल दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो. साठ-सत्तर ग्रॅम भरला तर आत पेन्सिल सेल आणि बाकी हवा आहे.

चार्जरला प्रत्येक सेलचा वेगळा खण हवा. जोडीजोडीने भरणारा चार्जर तोच दुबळा-सबळाचा खेळ भिंतीवर खेळतो. करंट २००० च्या सेलला ५०० ते १००० मिलिअँपिअर, म्हणजे सेल भरल्यावर जो किंचित व्होल्टेज उतरतो तो चार्जरला ओळखता येतो. अगदी हळू भरायचं तर २०० ने चौदा-पंधरा तास, घड्याळ लावून. रेडिओच्या आतच चार्ज करायची सोय असेल तर आधी आत कुठले सेल आहेत ते बघा. अल्कलाइनवर ती कळ दाबली तर वरची सगळी गोष्ट एका रात्रीत घडते.

"मग हे नवे दीड व्होल्टचे लिथियम पेन्सिल सेल?" हाही रोजचाच प्रश्न. आत ३.७ चा सेल आणि दीडपर्यंत उतरवणारं चिमुकलं सर्किट असतं. ते सर्किट म्हणजे तोच मोबाईल चार्जर, फक्त आता रेडिओच्या पोटात. टॉर्चला उत्तम. पॉवर बँकेचंही तेच, शिवाय ८० मिलिअँपिअर म्हणजे काहीच नाही असं समजून बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद पडतात. आणि १४५०० लिहिलेला पेन्सिल सेलच्या मापाचा लिथियम सेल चुकूनही घालू नका. चार भरलेले मिळून १६.८ व्होल्ट होतात.

ज्यांना सेलचा कंटाळा त्यांनी बाहेरून द्यावं: लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३२७०० मापाचे दोन सेल ओळीत, ६.४ व्होल्ट, भरून विसावल्यावर ६.७ च्या आसपास. मध्ये एक १एन४००७ डायोड, तो ०.७ खातो, उलटं जोडलं तरी वाचवतो, आणि संचाला सहा मिळतात. ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज. संरक्षक बोर्ड फॉस्फेटचाच घ्या, साध्या लिथियमचा बोर्ड त्यांना ८.४ पर्यंत चढू देतो. पिनच्या मधल्या टोकाला प्लस की मायनस ते रेडिओच्या पाठीवर बघा, सगळ्यांचं सारखं नसतं. यात गोंगाट नाही, उलटणं बोर्ड थांबवतो. मग मी हेच का वापरत नाही? कारण वायर लोंबते आणि रेडिओ उशाशी घेऊन झोपता येत नाही. हे उत्तर काही फार भक्कम नाही, मान्य.

एक तक्रार उरते आणि तिच्यावर माझ्याकडे तोड नाही. पावसात संच ठेवताना सेल काढा म्हणतो, तर घड्याळ चुकतं, आणि काही जुन्या संचांत साठवलेली स्टेशनंही पुसली जातात. चाळीस स्टेशनं पुन्हा भरायला एक संध्याकाळ जाते. म्हणून आठवड्यातून दोनदा ऐकणाऱ्याने काढू नयेत, महिनाभर न ऐकणाऱ्याने काढावेत, असं सांगतो. पण आपण कुठल्या गटातले हे कपाट बंद करताना कुणालाच ठाऊक नसतं. काकांनाही नव्हतं. आता त्यांच्या संचाच्या झाकणावर कागदी टेप आहे, त्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलंय: "आत सेल नाहीत." परवा उघडून बघितलं, आत चार होते.