हार्ट यांच्या पानावर काय लिहायचं

एलएलबीच्या मुलांसाठी विधिशास्त्राची मराठी टिपणं करतो आहे. प्रत्येक विचारवंताला आधी एक पानी चरित्र, मग सिद्धांत. ऑस्टिन आणि केल्सेन उरकले. ब्रिटिश विधितत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांच्या पानाला मात्र बराच वेळ लागला, कारण वर्गात एका मुलानं विचारलं, "सर, हार्ट रशियाचे हेर होते ना?" त्यानं ते कुठंतरी वाचलं होतं, आणि वाचलेलं खरंच असणार अशा सुरात तो विचारत होता.

म्हणून आधी घडलेलं सांगतो. हार्ट यांच्या पत्नी जेनिफर 1930च्या दशकात ब्रिटनच्या कम्युनिस्ट पक्षात गेल्या आणि त्याच काळात गृहखात्यात नोकरीला लागल्या. हार्ट युद्धकाळात एमआय5 या ब्रिटनच्या गुप्तचर खात्यात होते. दोघांचं लग्न 1941चं. 1983 साली जेनिफर यांनी बीबीसीच्या कार्यक्रमात आपल्या जुन्या पक्षसंबंधांबद्दल मोकळेपणानं सांगितलं. आपण कुठलीही गुपितं कुणाला दिली नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. एका रविवारच्या वृत्तपत्रानं मात्र त्याची मांडणी अशी केली की वाचणाऱ्याचं बोट नवऱ्याकडंही वळावं. हार्ट तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले. ते मानसिकदृष्ट्या कोलमडले, रुग्णालयात ठेवावं लागलं.

पुराव्याचा कायदा शिकवणाऱ्याला इथं अवघड काहीच वाटू नये. जेनिफर स्वतःबद्दल बोलल्या, स्वतःला अडचणीत आणणारं बोलल्या, म्हणून त्या बोलण्याला वजन आहे. पण एकाची कबुली दुसऱ्याच्या गळ्यात बांधता येत नाही, मग तो दुसरा नवरा का असेना. हार्ट यांच्याविरुद्ध उरतं ते एवढंच, की ते तिचे पती होते आणि एमआय5मध्ये होते. एवढ्यावर कुठलं न्यायालय आरोप निश्चित करील? तरीही चरित्रपर लेखांत "संशय होता" असं सहज लिहिलं जातं. कुणाला संशय होता, कशावरून, पुढं काय झालं, हे त्याच वाक्यात सांगायची तयारी नसेल तर ते वाक्य लिहूच नये. खुलासा दोन परिच्छेदांनंतर येत असेल तर मुलांच्या डोक्यात फक्त आरोप राहतो. परीक्षेच्या पेपरांत मला हे दरवर्षी दिसतं.

हार्ट यांच्या डायऱ्यांचा प्रश्न वेगळा. निकोला लेसी यांनी लिहिलेलं हार्ट यांचं चरित्र 2004 साली आलं. जेनिफर यांनी त्यांना हार्ट यांचे खासगी कागद मोकळेपणानं वापरू दिले होते. त्यात काय नाही! आपण प्राध्यापकाच्या खुर्चीला लायक नाही ही सततची भीती, लग्नातला दुरावा, पुरुषांविषयीचं आकर्षण. तत्त्वज्ञ थॉमस नेगेल यांना इतका उघडेपणा खटकला आणि परीक्षणात त्यांनी तसं लिहिलंही. मला नेगेल यांची अस्वस्थता समजते, पण भीतीच्या बाबतीत मी लेसींच्या बाजूचा आहे. हा माणूस कायद्याची पदवी नसताना वकिली करून, युद्धानंतर ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान शिकवायला आला, 1952 साली विधिशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि 1961 साली त्यानं 'द कन्सेप्ट ऑफ लॉ' हे पुस्तक दिलं. तो रात्री घरी जाऊन स्वतःला फसवा समजत होता, हे आमच्या तालुक्याच्या गावांतून आलेल्या मुलांना कळलं पाहिजे. ते त्याच्याच हातचं आहे, आणि त्यात दुसऱ्या कुणाची अब्रू जात नाही.

आकर्षणाबद्दलचा मजकूरही त्यांच्याच लेखणीचा. लेसींनी तो जपून मांडला आहे. घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर. ब्रिटिश न्यायाधीश लॉर्ड डेव्हलिन यांच्याशी हार्ट यांचा वाद झाला तो 1957च्या वुल्फेन्डन अहवालामुळं. दोन प्रौढ पुरुषांच्या संमतीच्या खासगी संबंधांना गुन्हा म्हणावं का, हा प्रश्न. हार्ट म्हणत होते, म्हणू नये. आता कुणी म्हणतं, बघा, म्हणूनच ते तसं बोलले. हे मी वर्गात चालू देत नाही. हार्ट यांचा युक्तिवाद जॉन स्टुअर्ट मिल यांच्या स्वातंत्र्यविचारावर उभा आहे आणि 1963च्या पुस्तकात पायरीपायरीनं मांडलेला आहे. तो खोडायचा तर तिथं खोडा. डायरी काढून दाखवणं म्हणजे उत्तर देणं नव्हे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377चा 2018चा निकाल शिकवताना मी हा वाद आधी वाचायला लावतो तो त्यातल्या तर्कासाठी.

इंग्लंडच्या कायद्यात मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही. आपल्याकडं 2024 पर्यंत लागू असलेल्या दंडसंहितेच्या कलम 499 खालच्या पहिल्याच स्पष्टीकरणात मात्र मृत व्यक्तीचीही बदनामी होऊ शकत होती, जवळच्यांच्या भावना दुखवायचा हेतू असेल तर. नव्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे. मला आपला नियम अधिक माणुसकीचा वाटतो.

तर पानावर आता असं आहे: "1983 साली पत्नीच्या तरुणपणीच्या कम्युनिस्ट संबंधांवरून हार्ट यांच्याविषयीही वृत्तपत्रातून संशय पसरला, त्यांच्याविरुद्ध पुरावा पुढे आला नाही, या प्रकाराचा त्यांच्या प्रकृतीवर गंभीर परिणाम झाला." मग डायरीतल्या भीतीवर चार ओळी. लग्नातल्या दुराव्यावर एकही नाही. ते हवं असेल त्यानं लेसींचं पुस्तक सबंध वाचावं.