आधी अर्थिंग, मग प्रोसेसर

घरी कॉम्प्युटर घ्यायचा ठरला की चौकशी प्रोसेसरपासून सुरू होते. मराठवाड्यात ती भिंतीतल्या सॉकेटपासून करावी. आपल्याकडच्या मशिनी लाईट, ऊन आणि धूळ हे तिघं मिळून खातात. प्रोसेसर जुना होईपर्यंत त्या टिकतच नाहीत.

मल्टिमीटर लावून बघा. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 च्या आसपास व्होल्ट हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीनच्या आत. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुधा अर्थिंग नाही. एसएमपीएसमधला (कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा) फिल्टर थोडा करंट अर्थकडे सोडतो; वाट नसली की तो पत्र्यावरच राहतो. टू-पिन जोडून काम भागवणं म्हणजे ही वाट स्वतःच बंद करणं.

आता एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर फुकट येतो तो दुकानातच ठेवून या. 450 वॅटचा, 80 प्लस ब्रॉन्झचा (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) पुरे, पण लेबलवर इनपुट 100-240 व्होल्ट लिहिलेलं हवं. स्वस्तातल्या काही मॉडेलवर 200-240 असतं. शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या आणि होल्टेज 170 वर आलं की असा एसएमपीएस मशीन बंद पाडतो, आणि घरचे विंडोजला शिव्या घालतात.

लाईन-इंटरॅक्टिव्ह (होल्टेजचे चढउतार स्वतः सावरणारा), 600 व्हीएचा यूपीएस घ्या. मॉनिटरसह शंभरेक वॅटच्या मशीनला तो दहा-पंधरा मिनिटं देतो. फाईल सेव्ह करून बंद करायला तेवढी बास. आतली 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी उन्हाळ्यात लवकर थकते, दोन-तीन वर्षांनी बदलायचा खर्च धरून ठेवा. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालवायची असेल तर तो साइन वेव्ह असावा आणि मागचा स्विच यूपीएस मोडवर. नाहीतर लाईट गेल्यावर बदलायला इतका वेळ जातो की मशीन रिस्टार्ट होते. डीपीवर न्यूट्रल तुटला तर घरात 300 च्या वर व्होल्ट येऊ शकतात. बल्ब अचानक लख्ख झाले की आधी मेन स्विच पाडा.

प्रोसेसर रायझन 5 5600जी: सहा कोर, 65 वॅट, ग्राफिक्स आतच. नाव नीट वाचा, नुसत्या 5600 मध्ये ग्राफिक्स नसतं. इंटेलच्या 'एफ' मॉडेलांचंही तेच, स्क्रीन काळी राहते आणि बोर्ड गेला असं वाटतं. बोर्ड (मदरबोर्ड) बी450 किंवा बी550. जुन्या स्टॉकचा असेल तर दुकानातच बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून घ्या. रॅम 8 जीबीच्या दोन काड्या, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. ग्राफिक्स याच रॅममधून हिस्सा घेतं, म्हणून एकच काडी लावली की ते अर्धमेलं चालतं. साठवणीला एसएसडी 500 जीबी, जेन 3 एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी, जेन म्हणजे वेगाची पिढी). हा प्रोसेसर जेन 4 चा वेग वापरूच शकत नाही.

चौथ्या पिढीचा आय5 असलेला ऑफिसातून निघालेला डबा स्वस्त पडतो खरा. पण विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि 11 त्यावर अधिकृतपणे चालत नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकायची तयारी असेल तरच घ्या.

जोडताना चुका ठरलेल्याच होतात. प्रोसेसरची वेगळी पॉवर केबल राहते आणि पंखे फिरूनही चित्र येत नाही. बोर्डाखाली एखादा पितळी स्टॅन्ड (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारा खिळा) चुकीच्या जागी राहिला तर शॉर्ट होतो. प्रोसेसरवरच्या कूलरचे स्क्रू आलटूनपालटून, समोरासमोरचे आवळा.

कॅबिनेटला पुढून 120 मिमीचे दोन पंखे आत आणि मागून एक बाहेर. पुढे जाळी, जी महिन्याला धुता येईल. मे महिन्यात खोलीच 38 अंशांवर असते, मग लोड आला की प्रोसेसर 80 च्या वर जाणारच. त्याची मर्यादा 95 आहे, घाबरू नका. खिडकीतल्या कूलरचा झोत मात्र मशीनवर नको: बोअरच्या क्षारांसकट ओल बोर्डावर बसते. वापरात नसलेली मागची भोकं बंद करा, पाली आणि मुंग्या उबेला येतात. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा. प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट तीन-चार वर्षांनी नवी लावा. आणि तारीख-वेळ रोज चुकायला लागली तर बोर्ड बदलायच्या गोष्टी ऐकण्याआधी बोर्डावरचा सीआर2032 चा चपटा सेल बदलून पाहा.