रीळ तेच, बॉडी नवी: ओव्यांच्या कॅसेटी कुठवर आल्या

मंडळी, मागे लिहिलं होतं की पंचवटीतला मावशीचा वाडा पाडायला काढला तेव्हा माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात २३ कॅसेटी सापडल्या. त्यातल्या ६ कॅसेटींत आजीच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. १९८६ साली मावशीने घरच्याच टेपरेकॉर्डरवर भरलेल्या. दुसरी प्रत कुठे नाही. डबा हातात देताना मावशी एवढंच म्हणाली, "बघ रे, त्यात आई आहे."

आजपर्यंत १४ कॅसेटी डिजिटल फाइलमध्ये उतरवून झाल्या. पण माझ्या हातून झालेली चूक आधी सांगतो, म्हणजे ती तुमच्याकडून होणार नाही.

जूनचा शेवट

एक भजनांची कॅसेट वरून अगदी स्वच्छ दिसली म्हणून सरळ डेकमध्ये घातली. दीड मिनिटात आवाज लहरायला लागला, मग बंदच पडला. गुंडाळून घेणारी चकती आतून जाम झाली होती आणि पिंच रोलर, म्हणजे डेकमधलं रबरी चाक, आपलं रीळ पुढे ढकलतच होतं. हातभर रीळ कॅपस्टनला, म्हणजे त्या चाकाशेजारी फिरणाऱ्या धातूच्या बारीक दांडीला, वेढे घालून बसलं. अर्धा तास लावून सोडवलं, पण चुण्या पडल्या त्या पडल्याच. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर चालते, म्हणजे हातभर रिळात साधारण दहा सेकंदांचं गाणं. ते खराब झालं. त्या दिवसापासून बॉडी उघडून बघितल्याशिवाय एकही कॅसेट डेकमध्ये गेलेली नाही.

जुलै

सगळा महिना वाळवण्यात गेला. ११ कॅसेटींच्या खिडकीतून रिळाच्या थप्पीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी दिसत होती. ओली बुरशी पुसायला गेलं की ती पसरते आणि चिकटते. पूर्ण वाळली की भुकटी होऊन सुटते. आता नाशिकच्या जुलैत वाळवायचं कसं? बाहेर आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर. मग घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेतला, तळाला सिलिका जेल, वर जाळी, जाळीवर कॅसेटी आणि आत छोटा आर्द्रतामापक. काटा ३५ वर आला की तिथून पुढे दोन आठवडे डबा उघडायचा नाही. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर तापवून परत वापरायचं. ती कढई मात्र पुन्हा स्वयंपाकात नाही.

काही जणांनी ओव्हनचं विचारलं होतं. कॅसेटींना ओव्हन नको. भाजण्याचा उपाय आहे तो १९७०-८० च्या दशकांतल्या, पाठीवर काळा थर असलेल्या काही स्टुडिओ रिळांसाठी. त्यांच्यातलं पॉलियुरेथेनचं बाइंडर (चुंबकीय कण धरून ठेवणारा थर) हवेतला ओलावा धरून चिकट होतं, म्हणून ती साधारण ५४ अंशांवर आठ तास किंवा जास्त तापवतात, आणि तो गुणही काही आठवडे-महिनेच टिकतो. कॅसेटच्या साध्या फेरिक (लोहाच्या ऑक्साइडच्या) रिळाला हा आजार सहसा होत नाही. उलट प्लॅस्टिकची बॉडी वाकडी होऊन बसेल.

ऑगस्ट

खरं काम इथे झालं. माझा अनुभव असा की दहातल्या आठ कॅसेटींत रीळ ठणठणीत असतं आणि बॉडी मेलेली असते. फेल्ट पॅडचा गोंद सुकून पॅड गळून पडतो, मग रीळ हेडला (डेकमधल्या आवाज वाचणाऱ्या भागाला) नीट टेकत नाही आणि आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. आतले पातळ कागद वाकतात, कोपऱ्यातली चाकं अडतात. म्हणून रिळाशी कमीत कमी खेळायचं आणि त्याला नवं घर द्यायचं.

बुधवारच्या बाजारात, गंगाघाटावर, जुन्या कॅसेटींचा एक गठ्ठा मिळाला. घेताना एकच बघितलं: पाच स्क्रूची बॉडी हवी, चिकटवलेली नको. आजीच्या कॅसेटी नेमक्या चिकटवलेल्याच होत्या. सांध्यात पातळ पातं घालून, कडेकडेने दाब देत एकेक बाजू उकलली. घाई केली की पातं घसरून थेट रिळात जातं.

हे सगळं गच्चीवर, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून. बुरशीच्या कॅसेटी घरात उघडू नका, लहान मुलं असतील तर मुळीच नाही. थप्पीच्या कडांवरची भुकटी मऊ ब्रशने झाडली. मग नव्या बॉडीत बसवून, सहा कोनी पेन्सिलीने हळूहळू फिरवत, रीळ मायक्रोफायबरच्या कोरड्या फडक्याच्या घडीतून नेलं. सी-६० चं (६० मिनिटांच्या कॅसेटचं) रीळ १८ मायक्रॉन जाडीचं, सी-९० चं १२. ओढ लागली की ताणलं गेलंच. आयसोप्रोपिल अल्कोहोल फक्त हेड आणि कॅपस्टनला, तेही प्रत्येक बुरशीच्या कॅसेटनंतर. रिळाला त्याचा थेंबही नाही. दोन ठिकाणी टोक सुटलं होतं, तिथे रीळ जोडायची खास स्प्लायसिंग टेपच लावली, हेडला न लागणाऱ्या बाजूने. साधी चिकटपट्टी लावलीत तर तिचा गोंद पाझरतो आणि शेजारचे वेढे धरून बसतो.

ओव्यांची तिसरी कॅसेट

हिच्यासाठी एक संध्याकाळ गेली. वाजत होती, पण बोथट. भरणाऱ्या यंत्राच्या हेडचा कोन माझ्या डेकशी जुळत नव्हता. हेडशेजारचा बारीक स्क्रू केसभर फिरवायचा, ऐकायचं, परत फिरवायचा. आजीचा आवाज खर्जातला, त्यावरून काही कळेना. मग लक्षात आलं की जात्याच्या प्रत्येक फेऱ्याला बांगड्या खुंट्यावर आपटतायत. घरघरीच्या मागे नुसतीच बारीक टकटक होती. स्क्रू जुळला आणि तिची स्वच्छ किणकिण झाली. त्याबरोबर ओवीतला 'स'सुद्धा 'स' ऐकू आला. तिथेच थांबलो आणि २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला उतरवून घेतलं. त्यावर कुठलाही फिल्टर लावला नाही. मूळ फाइल तशीच राहणार, साफसफाई करायची ती प्रतीवर.

मावशीला हेडफोन लावून ऐकवलं. ओव्यांबद्दल ती काही बोललीच नाही. म्हणाली, "काचेच्या आहेत बघ. पाटल्या तेव्हा गहाण होत्या."

उरलेल्या ९ पैकी ६ अजून डब्यात वाळतायत आणि दोघींना पॅड हवेत. शेवटची सी-१२० आहे, तिचं रीळ अवघं ९ मायक्रॉनचं. ती पाऊस पूर्ण ओसरल्यावरच उघडीन. कुणाकडे स्क्रूच्या रिकाम्या बॉड्या आणि स्प्रिंगसकट चांगले पॅड असतील तर कळवा, नाशिकमध्ये कुठेही येऊन घेऊन जाईन.