‘देता येईल’ आणि ‘देण्यात येईल’

2018 मधली गोष्ट. घनकचऱ्याच्या उपविधींचा, म्हणजे महापालिकेच्या स्वतःच्या स्थानिक नियमांचा, मसुदा महापालिकेने हरकती-सूचनांसाठी काढलाय, हे मला कळलं पेपरातल्या जाहीर नोटिशीवरून. तीही निविदांच्या गर्दीत, भिंग घेऊन वाचावी अशी. केंद्राच्या 2016 च्या नियमांनी उपविधी करायला एक वर्ष दिलं होतं. ते केव्हाच उलटलं होतं.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. दिवसाला सरासरी 100 किलोंच्या वर कचरा निघतो, म्हणजे आम्ही ‘मोठे कचरा निर्माते’. ओला कचरा मात्र आवारातच जिरवतो. मग शुल्कात सवलत आहे का, एवढंच बघायचं होतं.

मसुदा कुणालाही फुकट बघता येतो, असं कायद्यातच आहे. तीन टेबलं फिरल्यावर तो नगरसचिवांच्या विभागात सापडला. “वाचा, पण फोटो नको,” क्लार्क म्हणाले. का, तर “वरून सांगितलंय.” वहीत उतरवून घेतलं. सवलतीचं कलम होतं, पण शेवट होता ‘सवलत देता येईल’. देता येईल म्हणजे साहेबांच्या मनात आलं तर! मी लेखी सूचना दिली: ‘देता येईल’ऐवजी ‘देण्यात येईल’ करा, आणि अर्ज किती दिवसांत निकाली काढणार तेही लिहा. पोच घेतली. (पोच घ्याच. पुढे प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न तोच होता.)

सूचना विधी समितीकडे जाणार होत्या. आमच्या नगरसेविकाताईंना गाठलं. त्या म्हणाल्या, “दादा, महासभेत भाषणं होतात, शब्द बदलायचा तर समितीतच बदलतो.” समितीने विषय दोनदा तहकूब केला. एकदा कोरम नव्हता, एकदा अधिकारी माहिती घेऊन आले नव्हते. तिसऱ्या खेपेला ताईंनी मुद्दा मांडला, आणि समितीच्या अहवालात माझा शब्द आला. दिवसांची मुदत मात्र गळली.

महासभेला मी गॅलरीत जाऊन बसलो. पाणीटंचाईवर चार तास गेले. राजदंडापर्यंत दोघंजण धावले. मग कार्यपत्रिकेवरचे विषय भराभर सुरू झाले. आमचा विषय पुकारला, कुणीतरी उपसूचना, म्हणजे मसुद्यात सुचवलेला बदल, वाचली, बाकं वाजली, “मंजूर, मंजूर”. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. उपसूचना काय होती ते गॅलरीत कुणालाच ऐकू आलं नाही. ताईंनाही नीट सांगता येईना.

ती समजली इतिवृत्त हाती आल्यावर. ‘देण्यात येईल’ शाबूत होतं. फक्त त्याच्या आधी दोन शब्द बसवले होते: ‘आयुक्तांच्या मान्यतेने’.

चिडून ताईंना फोन केला. त्या हसल्या. “अजून शासनाची मंजुरी व्हायचीय. तोवर तो कागदच आहे.” ते खरंच होतं. सभागृहाने केलेला उपविधी राज्य सरकारने कायम केल्याशिवाय लागू होत नाही. फाइल मंत्रालयात गेली. मी जावक क्रमांक घेऊन दर महिन्याला फोन करत राहिलो.

शेवटी तो मंजूर होऊन आला, त्या दोन शब्दांसकट. सवलतीचा पहिला अर्ज आमच्याच सोसायटीचा. क्लार्क तेच होते. त्यांनी शिक्का मारला आणि कोपऱ्यात पेनाने लिहिलं, ‘मा. आयुक्तांच्या मान्यतेसाठी सादर’.