खोडदची शांतता आणि काकांचा सौर पंप

“खोडदला निघालीस ना, मग फोन घरीच ठेव. तिथे बंदच ठेवायला सांगतात,” मावशी चहाचा कप पुढे करत म्हणाली. मी ऐकलं. फोन तिच्या फडताळात ठेवला आणि भाचीला घेऊन काकांच्या मोटारसायकलवर मागे बसले.

मी पुण्यात पेटंटचे मसुदे लिहिते. गेले चार महिने माझ्या टेबलावर सौर इन्व्हर्टरच्या, म्हणजे पॅनेलची वीज यंत्राला चालेल अशी करणाऱ्या पेटीच्या, एका फिल्टरचं काम आहे. इन्व्हर्टरमधून बाहेर पडणारा रेडिओ गोंगाट कसा दाबायचा, हा त्याचा विषय. त्यापलीकडचं सांगता येणार नाही. ‘संवेदनशील उपकरणांना होणारा अडथळा’ हे शब्द मी त्या मसुद्यात कितीदा लिहिले असतील. ज्यांना हा अडथळा सगळ्यात जास्त बोचतो ते कान, म्हणजे आभाळातल्या रेडिओ लहरी ऐकणाऱ्या खोडदच्या ‘जीएमआरटी’ दुर्बिणीच्या अँटेना, मावशीच्या घरापासून काही किलोमीटरवर आहेत आणि आपण ते कधी नीट पाहिलेच नाहीत, हे मला त्यातल्याच एका रात्री जाणवलं. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, दुर्बीण लोकांना बघायला मिळते. आदल्या संध्याकाळी वाकडेवाडीहून एसटी धरली, राजगुरुनगर, मंचर मागे टाकत नारायणगावला उतरले.

नारायणगाव म्हटलं की कुणाला टोमॅटोचा बाजार आठवतो, कुणाला तमाशाच्या राहुट्या, कुणाला रात्री उशिरा मिळणारं मसाला दूध. मला लहानपणापासून आठवतात त्या शेतातून डोकं वर काढणाऱ्या पांढुरक्या तबकड्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही त्यांना ‘छत्र्या’ म्हणायचो. गावात अजूनही पुष्कळजण तसंच म्हणतात.

रस्ता ओळखीचा होता. दोन्ही बाजूंना कांदा, मध्येच द्राक्षाचा मांडव, काढणीला आलेला गहू. एका वळणावर ऊस संपला आणि समोर एकदम पहिली अँटेना उभी राहिली. लांबून ती छत्रीच वाटते. पायथ्याशी उभं राहिल्यावर मात्र मान मागे टाकूनही तिची कड एका नजरेत मावत नाही. व्यास ४५ मीटर. अशा ३० अँटेना आहेत. १४ खोडदजवळ साधारण एक चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांसारख्या दूरदूरच्या गावांच्या शिवारात. दोन टोकांमधलं सर्वांत जास्त अंतर सुमारे २५ किलोमीटर. सगळ्यांचे संदेश जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरने मुख्य इमारतीत येतात. तिथे प्रत्येक अँटेनाची दुसऱ्या प्रत्येक अँटेनाशी जोडी लावली जाते. भाचीने तिथल्या तिथे बोटं मोजत हिशेब केला आणि ४३५ जोड्या होतात म्हणून सांगितलं. आठवीत आहे. बरोबर होतं तिचं.

मी सगळ्यात जास्त वेळ बघत राहिले ती जाळी. तबकडीला पत्रा नाहीच. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जराशी जाड स्टेनलेस स्टीलची तार विणून केलेली जाळी, आणि ती ताणलेल्या दोरांवर बसवलेली. खालून बघितलं की तिच्यातून आभाळ दिसतं. दोन पक्षी पलीकडून गेले तेही दिसले. “ही तर खुराड्याची जाळी!” काका म्हणाले. त्यातच सगळी हुशारी आहे. ही दुर्बीण ऐकते त्या लहरींची लांबी काही डेसिमीटरपासून दोन मीटरच्याही पुढे जाते. एक-दोन सेंटीमीटरच्या भोकातून अशी लहर निसटत नाही, ती परत फिरते आणि वर टांगलेल्या, लहरी टिपणाऱ्या रिसीव्हरवर जाऊन पडते. वारा मात्र आरपार निघून जातो. वारा अडला नाही म्हणजे सांगाडा हलका, सांगाडा हलका म्हणजे खर्च कमी. ही दुर्बीण उभारणारे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ प्रा. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. याच कल्पनेमुळे एवढी मोठी दुर्बीण आपल्याला परवडली.

स्वरूप यांच्या कामाचा एक धागा कल्याणहून जातो, आणि माझ्या पेशामुळे तो मला फार जवळचा वाटतो. १९५३ मध्ये ते ऑस्ट्रेलियाला सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेत शिकायला गेले. सिडनीजवळच्या पॉट्स हिलच्या ३२ लहान तबकड्या, प्रत्येकी सहा फुटांच्या, तिथे लवकरच वापरातून जाणार होत्या. त्या भारताला भेट मिळाल्या. १९६५ मध्ये त्याच तबकड्यांनी कल्याणजवळ सूर्याचा वेध घेतला जाऊ लागला. कल्याणनंतर १९७० मध्ये उटीची दुर्बीण, आणि मग खोडद.

ज्या संस्थेने तबकड्या सहज देऊन टाकल्या, तिचंच पुढे वाय-फायचं गाजलेलं पेटंट. जॉन ओसुलिव्हन आणि त्यांचे सहकारी १९७० च्या दशकात फुटणाऱ्या लहान कृष्णविवरांचे रेडिओ स्पंद शोधत होते. स्पंद सापडले नाहीत. पण विस्कटलेला, पसरट झालेला संदेश पुन्हा गोळा करण्याचं जे गणित हाताशी आलं, ते पुढे खोलीच्या भिंतींवर आपटून घुमणाऱ्या वायरलेस संदेशांना लागू पडलं. अमेरिकेत १९९६ मध्ये पेटंट मिळालं, वर्षानुवर्षं खटले चालले आणि संस्थेला ४० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. आमच्या पेशात ही गोष्ट नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात सांगतात. तबकड्यांच्या भेटीची गोष्ट कुणी सांगत नाही. मला विचाराल तर दोन्ही सोबत सांगायला हव्यात.

खोडदच्या निरीक्षणांच्या मालकीचा नियमही मला आवडला. जगातला कुठलाही खगोलशास्त्रज्ञ निरीक्षणासाठी अर्ज करू शकतो. कल्पना पसंत पडली की वेळ मिळतो. मिळालेली माहिती १८ महिने त्याची एकट्याची, त्यानंतर ती सगळ्यांना खुली. मेहनत करणाऱ्याला आधी वापरायची संधी, मग ती सर्वांची. पेटंटच्या कायद्याचा मूळ हेतूही हाच होता, फक्त तिथली मुदत २० वर्षांची.

प्रदर्शनात शाळांच्या मुलांची गर्दी होती. एका फलकापाशी मी थांबले ती थांबलेच. हायड्रोजनचा अणू २१ सेंटीमीटर लांबीची लहर सोडतो. विश्व प्रसरण पावत असल्याने लांबून येणारी ही लहर वाटेत ताणली जाते. एका दीर्घिकेतून निघालेली अशी लहर या दुर्बिणीला ताणून सुमारे ४८ सेंटीमीटर झालेली सापडली, हे २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालं. ८८० कोटी वर्षं प्रवास करून आलेली. पृथ्वी जन्माला यायच्या कितीतरी आधी निघालेली. मधे दुसरी एक दीर्घिका भिंगासारखी आडवी आली आणि तिने तो संदेश सुमारे ३० पट मोठा केला, म्हणून तो ऐकू तरी आला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये स्पंदकांच्या, म्हणजे ठरावीक वेळाने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या मृत ताऱ्यांच्या, टिकटिकीत गुरुत्वीय लहरींच्या मंद पार्श्वभूमीचे पुरावे मिळाल्याचं जगभरच्या गटांनी जाहीर केलं. त्यात युरोपच्या गटासोबत भारतीय गट होता, आणि त्याची निरीक्षणं इथली, या कांद्याच्या रानातली.

तिथल्या एका तंत्रज्ञांना मी माझ्या कामाचं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, “ताई, चंद्रावर एक मोबाइल चालू करून ठेवलात ना, तर तो आम्हाला आभाळातल्या सगळ्यात ठळक स्रोतांपैकी एक दिसेल.” मग ते गोंगाटाबद्दल बोलत राहिले. विजेच्या तारेवरचं तडकलेलं चिनी मातीचं इन्सुलेटर ठिणग्या टाकतं. घरातला जुना टीव्ही बूस्टर बिघडला की स्वतःच प्रक्षेपण करायला लागतो. मग अँटेना लावलेली गाडी घेऊन गल्लीगल्लीतून शोधत जायचं, घर सापडलं की त्या माणसाला समजावून सांगायचं. या भागाची निवड झाली तीच इथे असला गोंगाट कमी होता म्हणून. भोवतालच्या डोंगरांचीही त्याला आड मिळते.

परतताना काका गप्प होते. आळेफाट्याकडून येणारा धुरळा बघत शेवटी म्हणाले, “शांतता यांना पायजे, ठेवायची आम्ही. कारखाना नको, आता रेल्वे पण लांबून जाणार म्हणतात.” पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग दुर्बिणीमुळे बदलायचं ठरलं, त्याची सल या पट्ट्यात आहे. काकांचं चुकत नाही. खोडदची शांतता ही त्या दुर्बिणीची जणू एकतिसावी अँटेना आहे आणि ती इथले लोक रोज सांभाळतात, हे मला त्या मोटारसायकलवर पहिल्यांदा नीट कळलं. त्यांना गप्प बसायला सांगून भागायचं नाही, गप्प चालणारी यंत्रं त्यांच्या हातात द्यायला हवीत.

काकांच्या शेतावरही इन्व्हर्टरवर चालणारा सौर पंप आहे, आणि तो त्यांनी हौसेने घेतलेला नाही. जुन्नर तालुक्यात उसात बिबटे आहेत. शेतीची वीज रात्रीच्या पाळीला आली की बॅटरी आणि काठी घेऊन पाणी द्यायला जायचं. मावशी तोपर्यंत ओट्यावर बसून राहायची. पॅनेल बसल्यापासून पाणी दिवसा दिलं जातं. “ती आता रात्री झोपते,” काका म्हणाले.

दुपारी मी त्यांना म्हटलं, “काका, तुमचा पंप किती बोलतो ते बघू या?” घरातला जुना ट्रान्झिस्टर घेतला. मध्यम लहरींवर पुणे आकाशवाणी लावली आणि आम्ही तिघं पॅनेलपाशी गेलो. पेटीपासून दहा पावलांवर कुरकुर सुरू झाली. पेटीशी नेल्यावर नुसता भुंग्यासारखा गुंजारव, निवेदिकेचा एक शब्द कळेना. पॅनेलमधून येते ती एकदिश (डीसी) वीज. पंपाच्या मोटरसाठी ती फिरती (एसी) करायची म्हणजे आतले इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात, आणि प्रत्येक झटक्याचे तुषार तारांमधून बाहेर उडतात. आमचा ट्रान्झिस्टर ऐकतो त्या लहरी दुर्बिणीच्या लहरींपेक्षा फार लांब; तेव्हा या खरखरीवरून दुर्बिणीला किती त्रास होतो ते ठरत नाही. पण दुखणं त्याच जातीचं. औषधही माहीत आहे: धातूची बंद पेटी, नीट अर्थिंग, तारांवर गोंगाट शोषणारे फेराइटचे मणी, फिल्टर. पेटी उघडून बघितली तर पॅनेलकडून आलेल्या तारा लांबलचक वेटोळं करून तशाच सोडलेल्या. असं वेटोळं म्हणजे आयती अँटेनाच. वेटोळं कसं आवरायचं आणि बसवणाऱ्या माणसाला काय काय विचारायचं, ते भाचीने वहीत लिहून घेतलं.

संध्याकाळी काकांनी वाफ्याचं तोंड मोडून पाणी शेवटच्या सरीत वळवलं. ट्रान्झिस्टर बांधावर तसाच चालू होता, खरखरत. ऊन पॅनेलवरून उतरत गेलं, पाण्याची धार बारीक होत होत थांबली, पंप बंद पडला. आणि बांधावरून निवेदिकेचा आवाज स्वच्छ यायला लागला. उसापलीकडे दिसणारी अँटेना हळूहळू दक्षिणेकडे वळत होती. भाची म्हणाली, “आत्या, थांब, ती थांबेपर्यंत बघू.”