पंधरा महिने उभी गाडी

2021 मध्ये सात महिन्यांसाठी नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला गेलो, तेव्हा आमच्या 2017 च्या स्विफ्टची किल्ली बाबांच्या हातात दिली आणि एवढंच म्हणालो, "अधूनमधून चालू करत जा." बाबा गाडी चालवत नाहीत. पण सांगितलेलं काम ते चुकवत नाहीत. दर रविवारी साडेनऊला पार्किंगमध्ये उतरायचे, इंजिन चालू करायचे, घड्याळ लावून पाच मिनिटं बसायचे आणि वर येऊन मला मेसेज करायचे: "गाडी ओके."

परत आलो तेव्हा बॅटरी ठार, आणि मागची चाकं जागची हलेनात. जाताना हँडब्रेक ओढून ठेवला होता तो मीच. सगळा पावसाळा तसाच गेला आणि ब्रेकचे शू ड्रमला गंजून चिकटले. गॅरेजवाल्याने हातोडीने ठोकून ते सोडवले. मग सायलेन्सर काढून तिरका धरला, तर आतून तांबूस पाणी आलं. "साहेब, हिला रोज थोडी थोडी कोण चालू करत होतं?" त्याने विचारलं. बाबा शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "मीच सांगितलं होतं."

त्याने जे समजावलं ते आधी माहीत असतं तर सात-आठ हजार वाचले असते. उभी गाडी आठवडाभरात आणि स्टार्टर एका झटक्यात बॅटरीतून मिळून जेवढं ओढतात, तेवढं पाच मिनिटं इंजिन नुसतं घुरघुरत ठेवून भरून निघत नाही. म्हणजे दर रविवारी बॅटरी भरत नव्हती, थोडी थोडी रिकामीच होत होती. त्यात एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. सायलेन्सर नीट तापला तर ती वाफ निघून जाते. पाच मिनिटांत तो तापतच नाही, मग पाणी आतच साचतं, काही इंजिन ऑइलमध्येही उतरतं. चालवायची असेल तर अर्धा तास रस्त्यावर फिरवा, नाहीतर हातच लावू नका, असा त्याचा हिशेब.

ऑगस्ट 2024 मध्ये पुन्हा निघालो, या वेळी पंधरा महिन्यांसाठी. गाडी विकावी असं बायकोचं मत होतं, आणि खरं सांगायचं तर तेच शहाणपणाचं होतं. पण परत आल्यावर तेवढ्या पैशात तशी गाडी मिळाली नसती. मग ठेवायची कुठे? अलिबागला सासुरवाडीत गॅरेज रिकामं होतं, पण तिथली खारी हवा पत्र्याला सोडत नाही. कऱ्हाडजवळ काकांचा गोठा मोठा, जागा भरपूर. गॅरेजवाल्याने ऐकताच मान हलवली: कडबा म्हणजे उंदीर, आणि शेण-मुताच्या वाफेने रंग जातो, पितळ-तांबं काळं पडतं. शेवटी आमच्याच सोसायटीचं पार्किंग ठरलं. तळघरात पाणी शिरतं म्हणून पहिल्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्याशी जागेची अदलाबदल केली.

निघण्याआधीचा आठवडा गाडीतच गेला. इंजिन ऑइल बदललं, कारण जुन्या ऑइलमध्ये आम्लं साठलेली असतात आणि ती वर्षभर धातूला चिकटून बसतात. टाकी काठोकाठ भरली. आपल्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा शोषून घेतं. टाकीत रिकामी जागा कमी म्हणजे ओली हवाही कमी. पेट्रोल टिकवणारं एक औषध ऑनलाइन मिळतं, तेही ओतलं. पंपावरून घरी येताना शेवटची दहा मिनिटं एसी बंद करून नुसता पंखा चालवला, आतली कॉइल सुकावी म्हणून. नाहीतर परत आल्यावर गाडीत ओल्या गोणपाटाचा वास.

सीटखाली मुलीच्या बिस्किटांचा जो खजिना सापडला, त्यावर उंदरांच्या दोन पिढ्या पोसल्या असत्या. सगळं झाडून, धुऊन, दोन दिवस दारं उघडी ठेवून गाडी वाळवली. टायरमध्ये हवा 33 ऐवजी 40 पीएसआय भरली. हँडब्रेक सोडलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये, चाकांना पुढून-मागून विटा. उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात तारेची घासणी कोंबली. बॉनेटखाली तंबाखूची पानं पसरली. वरून सुती कव्हर घातलं. प्लॅस्टिकचं स्वस्त मिळतं, पण त्याखाली गाडीला घाम फुटतो. स्टिअरिंगला लाल फीत बांधून त्यावर कागद लावला: घासणी काढ, विटा काढ, हवा कमी कर. पंधरा महिन्यांनी आपण काय विसरू हे आजच लिहून ठेवावं.

राहिला प्रश्न बाबांचा. "गाडीला हात लावू नका" असं त्यांना कोण सांगणार? मी दोन दिवस शब्द जुळवत होतो. शेवटी गॅरेजवाल्यानेच वाट काढली. बॅटरी काढून घरीच न्या म्हणाला. मी एक चार्जर आणि व्होल्ट मोजायचा एक मीटर आणला. बॅटरी बाल्कनीत लाकडी फळीवर ठेवली, तुळशीशेजारी. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून उघडी जागा बरी. आईने तुळस दुसऱ्या टोकाला नेली आणि आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. बाबांना मात्र मीटर आवडला. "12.6 म्हणजे भरलेली, 12.4 च्या खाली जाऊ द्यायची नाही," एवढं सांगितलं. त्यांनी वही घातली. शिवाय महिन्यातून एकदा वॉचमनला घेऊन गाडी चाकाच्या पाव फेऱ्याइतकी ढकलायची, टायर एकाच जागी दबून राहू नये म्हणून. गिअर काढायचा, ढकलायची, गिअर घालायचा, विटा लावायच्या. टायरवर खडूने खूण करून ठेवली होती. बाबांनी खुणांपुढे तारखा घातल्या.

कागदपत्रांचं बरंचसं काम फोनवर झालं. विमा तिकडूनच भरला. गाडी रस्त्यावर नाही म्हणून विमा सोडावासा वाटतो, पण मुदत संपून 90 दिवस उलटले की इतक्या वर्षांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. आग, चोरी, झाड पडणं हे उभ्या गाडीलाही चुकत नाही. आइंडहोव्हनमधला माझा शेजारी त्याची गाडी सरकारी नोंदीत तात्पुरती स्थगित करून मोकळा झाला. रस्ताकर नाही, विमा सक्तीचा नाही, अट एकच, गाडी सार्वजनिक रस्त्यावर दिसता कामा नये. आपल्याकडे खासगी गाडीचा कर नोंदणीच्या वेळीच एकदम भरलेला, त्यामुळे वाचवायला तसं काही नव्हतंच. पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र, मात्र गाडी नेल्याशिवाय निघत नाही, ती संपली.

आणि मग त्या पाट्या! एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली, मुदत मार्च 2025. बाबांचा फोन. मुदत वाढून एप्रिल झाली. मग जून, मग 15 ऑगस्ट, मग 30 नोव्हेंबर. प्रत्येक वेळी बाबांचा फोन आणि प्रत्येक वेळी माझं उत्तर तेच: "आल्यावर बघू." नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात परतलो, धावपळ करून तारीख मिळवली, पाट्या बसवल्या. थोड्याच दिवसांत मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढली. बाबा पेपर वाचून दाखवत होते, मी ऐकलं नाही असं दाखवलं.

गाडी सुरू व्हायला तिसरा सेल्फ लागला. ब्रेक पहिला किलोमीटरभर किरकिरले, डिस्कवरचा गंज घासला गेला आणि गप्प झाले. वायपरचं रबर कडक झालं होतं, ते बदललं. टायर गोलच राहिले. बाकी सगळं जमलं असं वाटत असतानाच एसीचा पंखा लावला, आणि झोतातून कापसाचे पुंजके आणि तंबाखूचा चुरा तोंडावर आला. ज्या पानांनी उंदीर पळायचे होते, त्याच पानांचं घरटं करून एक जण ब्लोअरमध्ये ऐसपैस राहून गेला होता. वायरी त्याने कुरतडल्या नाहीत, हे उपकारच.

बॅटरी गाडीत गेली, तुळस जागेवर आली. पुढच्या रविवारी साडेनऊला बाबा मीटर घेऊन दारात उभे. मी खाली जाऊन बॉनेट उघडून दिलं. त्यांनी दोन्ही टोकांना वायर लावली, चष्मा वर केला, वहीत लिहिलं: 12.6.