तुम्ही विचारलंत म्हणून: युनियनवाला असून कंपनी का सोडली?

लग्नात, दहाव्याला, कुठंही भेटले की पाहुणे एकच विचारतात, काय रे, तू तर युनियनचा, गेटवर बसला होतास, मग परमनंट नोकरी सोडून शिरवळला कसा काय गेलास?

तर ऐका. सातारा एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीचा पगारवाढीचा तीन वर्षांचा करार संपून सव्वा वर्ष झालेलं, नव्या करारात तीन वर्षांचे मिळून 2,800 रुपये वाढवणार, त्यातले निम्मे पहिल्या वर्षी, बाकीचे पुढं, वर प्रॉडक्शन वाढवायची अट. एवढ्यात पोरांच्या शाळेची रिक्षा आणि किराणा पण भागत नाही. मग संपावर बसलो आम्ही, नोटीस बिटीस न देता, दोन दिवस. पगार कापला दहा दिवसांचा! मला वाटलं अकाउंटवाल्याची चूक, पण नाही, दहा किंवा जास्त कामगार नोटीस न देता मिळून बसले तर बुडालेल्या दिवसांवर अजून आठ दिवसांपर्यंतचा पगार कापायची सोय कायद्यातच आहे. (आमच्या पुढाऱ्यांना हे आधी माहीत नको होतं का, असो.)

पण लागलं ते वेगळंच. आम्ही साठ जण गेटवर आणि ठेकेदाराची पोरं बसमधनं आत. दुपारी माझ्याच मशीनचे जॉब, म्हणजे तयार पार्ट, भरून टेम्पो आमच्यासमोरनं बाहेर पडला, ड्रायव्हरनं हात पण केला.

घरी सांगितलं तर आण्णा हसायला लागले. आण्णा जावळीतनं लालबागला गिरणीत गेलेले, 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला त्या अडीच लाखांतले एक. खानावळवाल्या मावशीनं पाच महिने उधारीवर जेवू घातलं, मग गाळ्यातली वळकटी बांधून गावी आले ते आलेच, आणि तो संप तर रीतसर मागं घेतलाच नाही कधी. म्हणाले, "आम्ही गेटवर घोषणा देत होतो आन् कापड भिवंडीच्या यंत्रमागावर निघत होतं. तुमची भिवंडी तर गेटाच्या आतच हाय की रं."

त्याच आठवड्यात शिरवळला इंटरव्ह्यू दिला. हातात साडेचार हजार जास्त पडतात, पण ठेकेदाराच्या रोलवर, हे पाहुण्यांना सांगत नाही.

पहाटे सव्वापाचला साताऱ्यात बाँबे रेस्टॉरंट चौकात कंपनीची बस येते, खंबाटकी घाट उतरेपर्यंत झोप. गेल्या महिन्यात तिथल्या परमनंट लोकांनी काळ्या फिती लावून गेटवर घोषणा दिल्या. आमची बस त्यांच्यासमोरनंच आत गेली. मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलो.